शोमरोन का पडलं? इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजांचं दुसरं पुस्तक वाचायला घेतलं की १५व्या अध्यायापासून बऱ्याच जणांची गाडी अडते. राजांची नावं भराभर येतात, अमक्याने तमक्याला मारलं आणि स्वतः गादीवर बसला असं चारपाच वेळा होतं, आणि १७व्या अध्यायात राजधानी शोमरोन पडून राज्यच संपतं. मागे नेमकं काय चाललं होतं हे कळलं तर हेच अध्याय अंगावर येतात, म्हणून हे प्रश्न एकत्र केलेत. वस्तू सापडल्याची वर्षं सोडली तर बाकी सगळी वर्षं इसवी सनापूर्वीची आहेत, आणि राजांच्या कारकिर्दींमध्ये अभ्यासकांचा एक-दोन, कधी त्याहून जास्त वर्षांचा फरक पडतो, हे धरून चाला.

इस्राएल म्हणजे नक्की कुठलं राज्य? यरुशलेमवालं का?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दावीद आणि शलमोन यांच्यानंतर, साधारण ९३०च्या सुमारास, राज्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम, गादी दाविदाच्या घराण्याकडे. उत्तरेला इस्राएल, राजधानी आधी शखेम, मग तिरसा आणि शेवटी शोमरोन. पुढे २००च्या आसपास वर्षं दोन्ही राज्यं शेजारी शेजारी नांदली, कधी भांडली, कधी सोयरीक केली. इथे आपण उत्तरेबद्दल बोलतोय, जे ७२२च्या सुमारास अश्शूरच्या (मेसोपोटेमियातलं असीरियन साम्राज्य) हाती गेलं. यहूदा त्यानंतरही सव्वाशेहून जास्त वर्षं टिकलं आणि बाबेलने (बॅबिलोन) ते ५८६ मध्ये संपवलं.

मुळात फूट का पडली?

कर आणि वेठबिगारी. १ राजे १२ वाचा, सगळं तिथे आहे. शलमोन गेल्यावर उत्तरेचे लोक शखेमला जमले आणि त्याचा मुलगा रहबाम याला म्हणाले की तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवलं, ते हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. म्हाताऱ्या सल्लागारांनी ऐक म्हणून सांगितलं, बरोबर वाढलेल्या तरुणांनी सांगितलं की दम दे, आणि त्याने दमच दिला, माझी करंगळी माझ्या बापाच्या कंबरेपेक्षा जाड आहे वगैरे. वर वेठबिगारांवरचा मुख्य अधिकारी अदोराम यालाच बोलणी करायला पाठवलं. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि रहबाम रथात बसून यरुशलेमला पळाला.

उत्तरेने यराबामला राजा केलं. त्याने लोकांना सणासाठी यरुशलेमला जायला लागू नये म्हणून बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं उभी केली. यानंतर बायबलचा लेखक उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजाला "यराबामाच्या पापांपासून तो फिरला नाही" या एकाच मापाने मोजतो. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे कामी येईल.

दोन्हींत मोठं राज्य कोणतं होतं?

उत्तरेचं, आणि फरक थोडाथोडका नव्हता. इज्रेलचं सपाट काळं खोरं, शोमरोनच्या डोंगरातली द्राक्षं आणि जैतून, गालील, यार्देनच्या पलीकडचं गिलाद, हे सगळं त्यांच्याकडे. मिसरहून (इजिप्त) दिमिष्क (दमास्कस) आणि पुढे मेसोपोटेमियाला जाणारी मोठी वाट मगिद्दोजवळून जायची, तीही त्यांच्याच हद्दीतून. यहूदाकडे त्यामानाने खडकाळ डोंगर आणि वाळवंटाची कड. पण हायवेला लागून असलेली जमीन सोन्याच्या भावाची होते तशी तिच्यावर सगळ्यांची नजरही असते. ज्या रस्त्याने पैसा आला त्याच रस्त्याने पुढे फौजा आल्या, आणि माझ्या मते उत्तरेच्या ऱ्हासाचं निम्मं कारण याच भूगोलात आहे.

मग बायबल वाचताना यहूदाच जास्त महत्त्वाचं का वाटतं?

कारण शेवटी लिहिणारे आणि जपणारे दक्षिणेचे होते. उत्तर बुडाली, तिचे दप्तरखाने गेले, दरबारच्या बखरी गेल्या. राजे या पुस्तकात "इस्राएलच्या राजांच्या बखरीत हे लिहिलेलं नाही का" असं पुन्हा पुन्हा येतं, ती बखर आज आपल्याकडे नाही. म्हणजे उत्तरेच्या राज्याची आठवण आपल्यापर्यंत शेजाऱ्याच्या निकालपत्रातून आली. निकाल खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण दुसरी बाजू ऐकायला जमिनीतून निघालेले दगड आणि खापऱ्या वाचायला लागतात.

अम्री हा राजा कोण? बायबलमध्ये तर त्याला जेमतेम सहा-सात वचनं आहेत.

बरोबर, १ राजे १६ मध्ये एवढंच आहे. अम्री सेनापती होता. त्याच्या आधी जिम्रीने राजाला मारून सात दिवस राज्य केलं आणि अंगावर येतंय म्हटल्यावर तिरसाचा राजवाडा पेटवून त्यातच मेला. अम्रीने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (वजनाचं माप) चांदीला एक डोंगर विकत घेतला आणि त्यावर शोमरोन बांधलं. जागा अचूक निवडली होती, चहूबाजूंनी उतार आणि पश्चिमेला समुद्राकडचा रस्ता नजरेत.

बाहेरच्या लोकांच्या दृष्टीने मात्र हा फार मोठा माणूस. मवाबचा राजा मेशा याचा काळा शिलालेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धीबानला सापडला, आता तो पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. त्यात मेशा स्वतः सांगतो की अम्रीने मवाबला पुष्कळ दिवस छळलं. आणि अश्शूरवाले तर अम्रीचं घराणं संपल्यावरही शंभरेक वर्षं या राज्याला "अम्रीचं घराणं" याच नावाने ओळखत होते.

अहाब बायबलमध्ये इतका वाईट दाखवलाय, राज्यकर्ता म्हणून खरंच तसा होता का?

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट (१ राजे २१) वाचल्यावर अम्रीच्या या मुलाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. वडिलोपार्जित जमीन विकणार नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्यावर खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारायचं आणि जमीन घ्यायची, हा गुन्हा कुठल्याही काळात गुन्हाच. एलीया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला तो याचमुळे.

पण ताकद विचाराल तर अहाबच्या काळात राज्य जोरात होतं. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर ८५३ मध्ये पश्चिमेकडे आला तेव्हा सिरियातल्या कर्कर इथे बाराएक राजांनी मिळून त्याला अडवलं. शल्मनेसरच्या शिलालेखात त्या राजांची यादी आहे आणि तिथे अहाब इस्राएलीच्या नावापुढे २,००० रथ आणि १०,००० पायदळ लिहिलंय. दिमिष्कचे रथ १,२०० आणि हमाथचे ७००. म्हणजे रथदळ सगळ्यात मोठं अहाबचं. काही अभ्यासकांना हा आकडा फुगवलेला वाटतो, तो निम्मा केला तरी छोट्या राज्याचा नाही. आणि गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट ही की बायबलमध्ये या लढाईचा एक शब्द नाही.

येहूच्या बंडाने काय बिघडलं?

माझ्या मते खूप बिघडलं. ८४१च्या सुमारास सेनापती येहूने अहाबचा मुलगा यहोराम, यहूदाचा राजा अहज्या, अहाबची राणी ईजबेल आणि अहाबचे सत्तर वंशज, सगळ्यांना संपवलं. बआल या कनानी देवाची पूजा मोडली म्हणून २ राजे १० मध्ये त्याचं कौतुक आहे, पण पुढे होशेय संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात देव इज्रेलमध्ये सांडलेल्या रक्ताबद्दल येहूच्या घराण्याचा समाचार घेणार असं येतं. एकाच ग्रंथात दोन निवाडे आहेत आणि दोन्ही ठेवलेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

राजकारणात परिणाम असा झाला की ईजबेल सीदोनची, तिला मारल्यावर समुद्रकिनाऱ्याच्या व्यापारी शहरांशी असलेली मैत्री तुटली, अहज्याला मारल्यावर यहूदाशी तुटली, आणि दिमिष्कशी वैर आधीपासूनच. एकटं पडलेलं राज्य लगेच अश्शूरपुढे वाकलं. अश्शूरच्या जुन्या राजधानीत, निमरुदला, १८४६ मध्ये सापडलेला काळा स्तंभ आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, साधारण दोन मीटर उंच. त्याच्या वरून दुसऱ्या ओळीतल्या चित्रात एक दाढीवाला माणूस टोकदार टोपी घालून शल्मनेसरच्या पायाशी कपाळ टेकवून बसलाय, त्याच ओळीत पुढच्या बाजूंवर सोन्याचांदीची भांडी घेतलेले लोक रांगेत उभे आहेत, आणि वर लिहिलंय "अम्रीचा पुत्र येहू याची खंडणी". तो स्वतः येहू की त्याचा दूत यावर वाद आहे, पण इस्राएली राजाचं म्हणून सांगितलं जाणारं सगळ्यात जुनं चित्र हेच. आणि ज्या अम्रीचा वंश त्याने कापून काढला त्याचाच पुत्र म्हणून त्याची नोंद झाली.

मग राज्य तेव्हाच का नाही बुडालं?

बुडत आलं होतं. अश्शूर घरच्या कटकटींत अडकल्यावर दिमिष्कचा राजा हजाएल याने इस्राएलला जवळजवळ चिरडलं. दान इथे १९९३-९४ मध्ये सापडलेल्या अरामी शिलालेखात (बहुतेकांच्या मते तो हजाएलचाच) इस्राएलचा राजा आणि "दाविदाच्या घराण्याचा" राजा यांना मारल्याची बढाई आहे, म्हणजे बायबल जे येहूच्या नावावर टाकतं तेच हा स्वतःच्या नावावर घेतो. येहूचा मुलगा यहोआहाज याच्याकडे किती सैन्य उरलं ते २ राजे १३:७ मध्ये आहे, ५० घोडेस्वार, १० रथ, १०,००० पायदळ. अहाबचे २,००० रथ आणि हे १० रथ, मध्ये जेमतेम पन्नास वर्षं.

वाचवलं ते अश्शूरनेच, नकळत. तिसऱ्या अदाद-निरारीने दिमिष्कवर चाल करून खंडणी उकळली, हजाएलनंतरचा अराम (म्हणजे दिमिष्कचं राज्य) खचला, आणि इस्राएलला श्वास मिळाला. त्याच अदाद-निरारीच्या एका शिलालेखात खंडणी देणाऱ्यांत "शोमरोनचा योवाश" आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, दिमिष्क हा इस्राएलचा शत्रू होता आणि तोच अश्शूरपुढची भिंतही होता. ती भिंत पुढे ७३२ मध्ये पडली आणि त्यानंतर इस्राएल दहाच वर्षं टिकलं.

दुसऱ्या यराबामचा काळ सुवर्णकाळ होता असं म्हणतात, मग आमोस इतका संतापलेला का?

हा या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, त्यामुळे उत्तर मोठं आहे.

दुसऱ्या यराबामने ४१ वर्षं राज्य केलं, साधारण ७८५ ते ७४५च्या दरम्यान. अश्शूर ढिलं, दिमिष्क खचलेलं, हद्द उत्तरेला हमाथाच्या वाटेपर्यंत आणि दक्षिणेला मृत समुद्रापर्यंत परत गेली. बायबलने एवढ्या राजाला सात वचनं दिलीत (२ राजे १४:२३-२९).

शोमरोनच्या टेकडीवर १९१०च्या सुमारास हार्वर्डच्या खोदकामात शंभरेक लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. फुटक्या मडक्याचा तुकडा आणि त्यावर शाईने दोन-तीन ओळी, नवव्या वर्षी किंवा दहाव्या वर्षी, अमक्या गावाहून, अमक्या माणसाच्या नावे, जुन्या द्राक्षारसाचा एक घडा किंवा उत्तम तेलाचा एक घडा. बस, एवढंच. बहुतेक त्या या यराबामच्या किंवा त्याच्या बापाच्या काळच्या. खेड्यातला माल राजधानीत कुणाच्या तरी नावावर जमा होतोय हे त्यात डोळ्यांसमोर दिसतं, आणि तीच तीच मोजकी बड्या लोकांची नावं परत परत येतात. त्याच टेकडीवर १९३०च्या दशकात हस्तिदंताचे कोरीव तुकडे शेकड्यांनी निघाले, कमळं, पंखवाले सिंह, मिसरी देवता, फर्निचरवर बसवायचे.

आता आमोस उघडा. "हस्तिदंती पलंगांवर लोळणारे" (६:४), "चांदीसाठी नीतिमानाला आणि एका जोड्यासाठी गरिबाला विकणारे" (२:६), माप लहान करणारे, खोटा तराजू ठेवणारे, गव्हाबरोबर भुसा विकणारे (८:५-६). हे कुणी हवेत बोललेलं नाही, खाली जमिनीत त्याचे तुकडे सापडलेत. आमोस यहूदातल्या तकोवाचा, मेंढरं राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस. तो बेथेलला येऊन बोलला तेव्हा तिथला याजक अमस्या त्याला म्हणाला की यहूदाला जा आणि तिथे भाकर खा, हे राजाचं पवित्रस्थान आहे.

शेतकऱ्याचं एक पीक गेलं की तो कर्ज काढतो, ते फिटलं नाही की जमीन जाते, मग पोरं गहाण पडतात, आणि जमीन थोड्यांच्या हातात गोळा होते. जमीन गेलेल्या माणसाने राज्यासाठी का लढायचं? ऱ्हास बाहेरून दिसायच्या आधी आत असा सुरू झाला होता, आणि तो सगळ्यात भरभराटीच्या काळात झाला हे मला आमोसमुळे कळतं, राजांच्या पुस्तकातून तेवढं कळत नाही. आमोसच्या पहिल्याच वचनात भूकंपाचा उल्लेख आहे, आणि गालीलातल्या हासोर शहराच्या उत्खननात आठव्या शतकाच्या मध्याच्या थरात कललेल्या भिंती सापडल्यात, त्याचा संबंध बरेच जण याच्याशी लावतात.

यराबामनंतर पंचवीस वर्षांत सगळं कसं कोसळलं?

हिशोब बघा. जखऱ्या सहा महिने, त्याला शल्लूमने मारलं. शल्लूम एक महिना, त्याला मनहेमने मारलं. मनहेम दहा वर्षं आणि तो तेवढा आपल्या मरणाने मेला. त्याचा मुलगा पेकह्या दोन वर्षं, त्याला त्याच्याच सरदाराने म्हणजे पेकहने मारलं. पेकहला होशेने मारलं, आणि होशे शेवटचा. सहा राजे, त्यातल्या चौघांचा खून. (पेकहच्या नावावर लिहिलेली २० वर्षं काही केल्या बसत नाहीत, त्यावर बरंच लिहिलं गेलंय.) यहूदात गादी जवळजवळ कायम दाविदाच्या घराण्यात राहिली, उत्तरेत मात्र २०० वर्षांत १९ राजे आणि नऊएक घराणी झाली. तिथे सेनापतीला वाटलं की तो राजा होऊ शकत होता.

होशेय संदेष्टा याच काळातला आणि तो हे सगळं आतून बघत होता. त्यांनी राजे केले पण मला विचारून नाही (८:४), एफ्राईम (म्हणजे उत्तरेचं राज्य) भोळ्या कबुतरासारखा, मिसरला हाक मारतो आणि अश्शूरकडे जातो (७:११). दरबारात दोन गट होते, एक अश्शूरला खंडणी देऊन जगू म्हणणारा, दुसरा मिसरच्या भरवशावर लढू म्हणणारा, आणि प्रत्येक खुनामागे थोडंफार हेच असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मनहेमने अश्शूरला दिलेली खंडणी किती मोठी होती?

२ राजे १५:१९-२० मध्ये आकडा आहे, हजार किक्कार चांदी. एक किक्कार साधारण ३४ किलो धरला तर ३४ टन. मनहेमने ती प्रत्येक सधन माणसाकडून ५० शेकेल घेऊन उभी केली. ३,००० शेकेलचा एक किक्कार, म्हणजे ३० लाख शेकेल, भागिले ५०, म्हणजे साठ हजार माणसं. आणि वरच्याने दिलेलं ओझं शेवटी खालच्याकडूनच वसूल होतं. शिवाय ही खंडणी कशासाठी, तर "राज्य त्याच्या हाती टिकावं म्हणून", असं तिथेच लिहिलंय. स्वतःची खुर्ची टिकवायला त्याने देश पिळला.

तिग्लथ-पिलेसर आधीच्या अश्शूरी राजांपेक्षा वेगळा कसा?

आधीचे यायचे, लुटायचे, खंडणी ठरवायचे आणि परत जायचे. तिसरा तिग्लथ-पिलेसर (७४५ ते ७२७, बायबलमध्ये पूल हेही त्याचंच नाव) राहायला आला. बंड केलं की राज्य खालसा, त्याचा प्रांत करायचा, वर आपला सुभेदार बसवायचा, आणि तिथले लोक उचलून दुसरीकडे, दुसरीकडचे इथे. हे नुसतं क्रौर्य म्हणून नव्हतं, मागे पक्का हिशोब होता. मुळासकट उपटलेला माणूस बंड करत नाही, आणि साम्राज्याला ओसाड जमिनीवर शेतकरी, बांधकामाला हात, सैन्यात सारथी हवेच असायचे. लोकांना बायकापोरांसकट हलवायचे. अश्शूरी भिंतशिल्पांत बैलगाडीवर गाठोडी, त्यावर बसलेल्या बाया आणि पोरं, बाजूने चालणारे पुरुष असे देखावे आहेत, नंतरच्या लाखीशच्या शिल्पात तर अगदी स्पष्ट.

यहूदाच्या आहाजने अश्शूरला बोलावलं म्हणून इस्राएल बुडालं, हे खरं का?

अर्धं खरं. पेकह आणि दिमिष्कचा रसीन यांनी अश्शूरविरुद्ध आघाडी करायची ठरवली, आहाज येईना म्हणून ७३४च्या सुमारास यरुशलेमवर चालून गेले. यशयाचा ७वा अध्याय याच प्रसंगाचा, आहाजचं मन वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हललं असं तिथे आहे. यशया म्हणाला शांत राहा, ही दोन धुमसती लाकडाची टोकं आहेत. आहाजने मंदिराचं आणि राजवाड्याचं सोनंचांदी काढून तिग्लथ-पिलेसरला पाठवलं. पण तो येणारच होता, त्याला मिसरच्या सीमेपर्यंतचा किनारा हवा होता. बोलावणं निमित्त झालं.

परिणाम भयंकर झाला. ७३२ मध्ये दिमिष्क पडलं. गालील, गिलाद, हासोर गेलं (२ राजे १५:२९). हासोरला त्या काळचा जाड राखेचा थर निघालाय, आणि त्याच थरात एका घड्यावर पेकहचं नाव लिहिलेलं सापडलं. खालच्या गालीलात वस्त्याच्या वस्त्या नंतर बराच काळ ओसाड राहिल्या. मगिद्दो अश्शूरच्या प्रांताचं ठाणं झालं. होशेला आपणच गादीवर बसवलं असं तिग्लथ-पिलेसर लिहितो. उरलं काय, तर शोमरोन आणि भोवतालचा डोंगर.

एवढं झाल्यावर होशेने खंडणी का थांबवली? वेडेपणाच ना?

आज बघताना तसं वाटतं. पण ७२७ मध्ये तिग्लथ-पिलेसर मेला, आणि साम्राज्यातला राजा मेला की खालच्या राजांनी हात झटकून बघायचे ही तेव्हाची रीतच होती. होशेने मिसरचा राजा "सो" याच्याकडे दूत पाठवले. हा सो नक्की कोण यावर वाद आहे, चौथा ओसोर्कोन असावा असं पुष्कळांचं मत. मिसरचेच तेव्हा तुकडे झाले होते, मदत कुठून येणार. पाचव्या शल्मनेसरने होशेला पकडून कैदेत टाकलं आणि शोमरोनला वेढा दिला, आणि शहर राजा नसताना तीन वर्षं लढलं. त्या तीन वर्षांत आत काय झालं असेल याबद्दल बायबल एक अक्षर लिहीत नाही, आणि ते मला फार लागतं.

शोमरोन घेतलं कुणी, शल्मनेसरने की सर्गोनने?

बायबल आणि बाबेलची बखर दोन्ही शल्मनेसरकडे बोट दाखवतात. तो ७२२ मध्ये मेला, त्यानंतर आलेला दुसरा सर्गोन म्हणतो मी घेतलं. बऱ्याच अभ्यासकांचा मेळ असा की शहर शल्मनेसरच्या शेवटी पडलं, मग ७२० मध्ये हमाथच्या राजाच्या बंडात शोमरोनही सामील झालं, ते सर्गोनने मोडलं आणि लोकांना नेण्याचं मोठं काम त्याच्या काळात झालं. शोमरोनला सगळं शहर जाळल्याचा थर काही सापडलेला नाही. सर्गोन तर लिहितो की मी ते आधीपेक्षा चांगलं बांधलं, आणि प्रांताची राजधानी म्हणून ते पुढे चालूच राहिलं.

किती लोक नेले? "हरवलेले दहा वंश" म्हणतात ते हेच का?

सर्गोनचा आकडा २७,२९०, दुसऱ्या शिलालेखात २७,२८०. त्याआधी तिग्लथ-पिलेसरने गालील-गिलादमधून नेले ते वेगळे. २ राजे १७:६ प्रमाणे त्यांना हलह, गोजानची हाबोर नदी आणि मेद्यांची नगरं इथे बसवलं, म्हणजे आजच्या उत्तर सिरिया, इराक आणि इराणकडे.

सगळेच्या सगळे गेले नाहीत. बरेच मागे राहिले, बरेच यहूदात पळाले. यरुशलेम याच सुमारास अचानक पसरलं, १९७०च्या दशकात तिथे सात मीटर रुंदीची तटबंदी निघाली ती नव्या वस्तीला आत घ्यायला बांधलेली. ही वाढ किती निर्वासितांमुळे आणि किती आपोआप यावर पुरातत्त्ववाल्यांत जोरदार वाद आहे.

दहा वंश म्हणजे उत्तरेच्या राज्यातली इस्राएली कुळं, पण जे गेले ते हरवले म्हणजे गायब झाले नाहीत. निमरुदला सापडलेल्या लष्करी याद्यांत शोमरोनच्या रथवाल्यांची स्वतंत्र तुकडी आहे, अधिकाऱ्यांच्या नावांसकट, आणि काही नावांत यहोवाचं, म्हणजे इस्राएलच्या देवाचं, नाव आहे. अहाबच्या रथदळाचा वारसा शेवटी सर्गोनच्या सैन्यात गेला. पिढ्या गेल्या तशी नावं आजूबाजूच्यांत मिसळली.

बायबल म्हणतं मूर्तिपूजेमुळे राज्य गेलं. ते चूक आहे का?

२ राजे १७ मध्ये वेढ्याची हकिगत चार वचनांत (३ ते ६) आणि का झालं याचं विवेचन सतरा वचनांत (७ ते २३). म्हणजे लेखकाला कशाचं महत्त्व वाटत होतं ते उघड आहे. तो इतिहासाचा धडा यहूदाच्या लोकांना देत होता. अनेक देवांची पूजा चालू होती हे खरंच आहे, शोमरोनच्या खापऱ्यांवर यहोवाच्या नावाची माणसं आहेत तशी बआलाच्या नावाचीही आहेत, आणि सिनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरुदला सापडलेल्या घड्यांवर "शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा" (अशेरा म्हणजे कनानी देवी किंवा तिचा पूज्य खांब) असा आशीर्वाद लिहिलाय.

श्रद्धेने वाचणाऱ्याने ते कारण सोडायची गरज नाही. फक्त आमोस आणि होशेय यांच्याकडे देवाची तक्रार वासरांपुरती नाही, ती खोट्या तराजूबद्दल, लाचखाऊ न्यायाबद्दल, खुनांबद्दल, परकीयांच्या भरवशाबद्दलही आहे. ते सगळं जमेला धरलं तर बायबलचं कारण आणि इतिहासकारांचं कारण यांत लोक समजतात तेवढं अंतर राहत नाही.

शोमरोनी लोक कोण?

अश्शूरने बाबेल, कूथा, हमाथ वगैरे ठिकाणचे लोक तिथे आणून बसवले आणि त्यांची मिसळ झाली, असं २ राजे १७ सांगतं. शोमरोनी स्वतः म्हणतात आम्ही मागे राहिलेल्या एफ्राईम-मनश्शेचेच वंशज. ते आजही आहेत, हजाराच्या आतच, नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये, आणि वल्हांडणाला त्या डोंगरावर मेंढरांचा यज्ञ करतात.

आपले कोकणातले बेने इस्राएल याच दहा वंशांपैकी का?

समाजातल्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे हे वंशज. शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली हे नाव पडलं. ते पूर्वज कधी निघाले यावर समाजातच वेगवेगळी मतं आहेत, कुणी शोमरोन पडायच्या सुमारास म्हणतात, कुणी १७५च्या सुमाराचा ग्रीक छळ सांगतात. आनुवंशिक अभ्यासात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी नातं दिसतं, पण त्यावरून थेट शोमरोनपर्यंत रेघ ओढता येत नाही.

एक धागा मात्र नक्की आहे, आणि तो एलीयाचा. अहाबसमोर उभा राहिलेला हा उत्तरेचा संदेष्टा बेने इस्राएलींच्या घरात एलियाहू हनाबी म्हणून आहे, नवस फेडताना, लग्नकार्यात पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्यात (घाटातलं खंडाळा नव्हे) त्याच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवतात.

मग यहूदा का वाचलं?

डोंगरात, हमरस्त्यापासून बाजूला, गरीब, एकच घराणं, आणि आहाजने वेळेत मान तुकवलेली. आहाजचा मुलगा हिज्कीया याने बंड केलं तेव्हा ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब आला, यहूदाचं लाखीश शहर पडलं, यरुशलेम मोठी खंडणी देऊन थोडक्यात वाचलं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

१ राजे १२ ने सुरू करा, मग १६ ते २२, मग २ राजे ९-१०, आणि १३ ते १७. २ राजे १४ झालं की तिथे थांबून आख्खा आमोस वाचा, नऊच अध्याय आहेत, तासाभरात होतो. १५वा अध्याय वाचताना होशेय बाजूला ठेवा, आणि १६व्याबरोबर यशया ७. लंडनला राहत असाल किंवा जाणार असाल तर काळा स्तंभ आणि कर्करच्या लढाईचा शिलालेख दोन्ही ब्रिटिश म्युझियममध्येच आहेत, तिकीट लागत नाही. स्तंभाच्या चारही बाजूंनी फिरा, येहूची खंडणी वाहणारे लोक उरलेल्या तीन बाजूंवर आहेत.